एकच कडवं, सात वेळा

शंकरराव – सांग त्याले, ढोलक खुंटीखाली ठेवेल हाये. घे म्हणा अन् चालला जा.

समता – बाबा, निजामचाचा तुमच्यापासून चार हातांवर बसलेत. त्यांचे कान शाबूत आहेत अजून.

शंकरराव – मी तुह्याशी बोलून राह्यलो.

निजाम – राहू दे बेटी. दोन महिने झाले, मले आदत पडली आता. पह्यल्याच आठवड्यात बाजारात मी वांगे घेऊन राह्यलो होतो, तर यानं वांगेवालीले सांगतलं, 'त्या माणसाले म्हणा जरा बाजूले सर.' चाळीस वर्षं याच्या गाण्यामागं ढोलक वाजवली, अन् मी झालो 'तो माणूस'.

समता – तुमी आधी नीट टेका. चहा ठेवलाय. चहा झाल्याशिवाय ढोलक उचलायची नाही.

निजाम – बाराची एसटी हाये बेटी. पिंपळगाव राजाच्या गायन पार्टीनं बलावलं. त्यायचा ढोलकवाला पोराकडं चालला गेला, पुण्याले. 'निजामभाई, आता कायमचं तुमीच' म्हणले. मी जुबान देऊन बसलो.

समता – कायमचं? अन् आठ दिवसांवर पुनव आहे, इथं विहारात कोण वाजवणार?

शंकरराव – पुनवेले कोणी गाणारच नाही, मंग वाजवणाऱ्याचं काय काम? त्याले सांग, खुशाल जा.

निजाम – ऐकलं? खुशाल जा म्हणते. इथं वरवटमंदी राहून रोज याचं बंद दार पाहाचं, त्यापरीस पिंपळगाव बरं.

समता – बाबा, मी खामगावहून सुट्टी टाकून आली ते कशासाठी? आई फोनवर रडली म्हणून. तुमी झोपत नाही, जेवत नाही, ओट्यावर सुद्धा येत नाही. डॉक्टर म्हणतात गुडघे मागच्या वर्षी होते तेवढेच झिजलेले आहेत. मग दुखणं दुप्पट कसं झालं? आई म्हणे, दोन महिन्यांत घरात गाण्याची एक ओळ ऐकली नाही.

शंकरराव – तुही माय वावरात गेली म्हून बरं. तिले समजावता समजावता मी थकलो. ज्यानं व्यसनमुक्तीच्या मेळाव्यात भांग पिऊन गाणं म्हटलं, त्यानं आता तोंड बंद ठेवावं.

निजाम – पेला नाही तू. थेंब घेतले.

शंकरराव – त्याले सांग, थेंबात काय होतं थे मले नोको शिकवू.

समता – हे मला एकदा पहिल्यापासून सांगा. अर्धं आईनं सांगितलं, अर्धं मी मोबाइलवर पाहिलं. चाचा, थेंब कोणी आणले?

निजाम – मी. लपवाचं काय त्याच्यात? माह्या पोरानं, वकारनं, शहरातून आणले होते, तुह्या हुस्नबानोचाचीच्या कमरेसाठी. शीशीवर हिरवं पान काढेल, खाली लिहेल 'विजया अर्क'. मले वाटलं असंन एखादी जडीबुटी. तुह्या चाचीले दोन थेंबात आराम पडला. अन् इकडं हा आदमी गुडघे धरून बसे, मले पाहवत नव्हतं. नवी कोरी शीशी आणून देली. म्हटलं घे, दोन थेंब जिभेखाली, फकत दोन.

शंकरराव – तीस वर्षं, समता. तीस वर्षं मी दारू अन् गांजा सोडवाले गाणं म्हणून राह्यलो. गल्लीतल्या देवानंदची चिलीम मी माह्या हातानं विहिरीत फेकली. अन् विजया म्हणजे भांग, हे मले कधी समजलं? मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी. मेडिकलवाल्या पोट्ट्यानं शीशी वाचून सांगतलं, अन् हासला.

समता – आणि मेळाव्यात?

शंकरराव – थे तू मोबाइलवर पाह्यलं.

समता – मोबाइलवर एक मिनिटाचं आहे. निजामचाचा, तुमी सांगा.

निजाम – भाऊनं नवं गाणं लिहेल होतं. पाच-सहाशे माणूस समोर. पहिलं कडवं म्हटलं, झकास. मंग परत पहिलंच. मले वाटलं जोर द्याचा असंन. मंग तिसऱ्या खेपेलेही थेच. चौथ्या खेपेले डोळे मिटले अन् असा गोड हासून राह्यला होता, तुले सांगतो, लग्नातही नव्हता हासला तसा.

शंकरराव – सात वेळा.

निजाम – हाव, सात वेळा. मले वाटलं, रंगात आला आज.

शंकरराव – विचार त्याले, समता. मी सात वेळा एकच कडवं म्हणून राह्यलो, लोक फोन काढून राह्यले, अन् यानं ढोलक काऊन नाही थांबवली? थेंब चुकून देले, थे एक वेळ मानलं. पण माह्या बाजूले बसून वाजवतच राह्यला. वरून लय वाढवत गेला.

निजाम – मी तुह्या हाताची वाट पाहून राह्यलो होतो.

समता – कोणत्या हाताची?

निजाम – तुले नाही मालूम? घरात राहून कधी ध्यान नाही देलं तू. बेटी, माहा हात पळते. पुराना ऐब हाये. आमी जातीचे पिंजारी. लहानपणी बापाच्या बाजूले बसून कापूस पिंजे. कापूस पिंजाची धुनकी एकदा सुरू झाली का तिची लय चढतच जाते, थे माह्या बोटात बसेल हाये. तर हा काय करे, गाता गाता उजव्या हाताचे दोन बोटं असे जरासे उचले. लोकाले दिसतही नसंन. त्याचा अर्थ, पोचलं, आता हळू. मी चाळीस वर्षात मात्रा मोजल्या नाहीत. याचे बोटं पाह्यले अन् हळू झालो. त्या दिवशी थे बोटं उठलेच नाहीत.

समता – चाचा, हे परत सांगा.

निजाम – काय परत सांगू? बोटं उठलेच नाहीत.

समता – मी दरवर्षी फार्मसीच्या मुलींना दोन तास हाच धडा शिकवते. फळ्यावर सतरा बाण काढते. मला कधी इतकं सोपं सांगता आलं नाही.

शंकरराव – ढोलकीचा धडा हाये का तुह्या कॉलेजात?

समता – मज्जातंतूंचा आहे. ऐका ना, बाबा. अंगात निरोप कसे जातात? एक तंतू बोलतो, पुढचा ऐकतो. दुखलं, भूक लागली, भीती वाटली, सगळं असं एकाच दिशेनं जात राहते. पण बोलणारा कधी कधी थांबतच नाही. ऐकणाऱ्याला समजलं तरी हा आपला बडवतोच.

निजाम – नाव घे माहं. लाजू नोको.

समता – तुमचंच घेते. निजामचाचासारखा. तेव्हा तो ऐकणारा तंतू जागच्या जागी चिमूटभर एक पदार्थ बनवतो आणि उलटा पाठवतो, बोलणाऱ्याकडे. पोचलं, आता हळू. इतकाच निरोप. काम झालं की तो पदार्थ तिथंच मोडून जातो, शरीर त्याचा साठा करून ठेवत नाही. दुखणं म्हणा, झोप, भूक, पोटाची हालचाल, मनाची धडधड, हे सगळं थोडं थोडं आवरून धरायचं काम त्याचं. तुमची ती दोन बोटं, बाबा. तशी बोटं अंगभर आहेत आपल्या.

शंकरराव – अन् याचा भांगेशी काय संबंध?

समता – सांगते, पण चिडायचं नाही.

शंकरराव – मी चिडतच नाही.

निजाम – वांगेवालीले विचार.

समता – या सगळ्या व्यवस्थेचं पुस्तकातलं नाव एंडोकॅनाबिनॉइड. नाव पडलं भांग-गांजाच्या झाडावरून, कॅनाबिसवरून.

शंकरराव – म्हणजे माह्या अंगात पहिलेपासून गांजा हाये? मास्तरीण झाली म्हून काहीही सांगशीन का? मंग पाचवं शील मी लोकाले कायले देतो? नशा करू नोको म्हणा अन् कारखाना अंगातच?

समता – गांजा नाही हो. लोकांनी अभ्यास आधी झाडाचा केला. झाडातला पदार्थ डोक्यात कुठं जाऊन बसतो, हे पाहता पाहता ती जागा सापडली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, ही जागा काही झाडासाठी केलेली नसंन. तिथं बसणारं घरचं कोणी असंन. शोधलं, तर निघालं. घरमालक आतच होता, दारावर पाटी तेवढी भाडेकरूची लागली.

निजाम – माह्या दुकानासारखं. पन्नास वर्षांचं गाद्यांचं दुकान, बाजूले काल पानठेला आला. आता लोक पत्ता सांगतात, पानठेल्याच्या बाजूले.

समता – अगदी तसंच. आणि घरच्या त्या पदार्थाचं नाव ठेवलं आनंदामाइड. आनंद हा आपलाच शब्द घेतला त्यांनी.

शंकरराव – आनंद?

समता – हो. तीस-पस्तीस वर्षं झाली त्या गोष्टीला.

शंकरराव – म्हणजे मी दारू सोडवाचं गाणं सुरू केलं तवा.

समता – त्याच्याच आसपास.

शंकरराव – तुह्या हिशोबानं मंग भांग घेतली त बिघडलं काय? घरचं थेच, बाहेरचं थेच.

समता – बिघडलं ना. घरची बोटं जिथं गरज आहे तिथं, क्षणभर उठतात. बाहेरून भांग लोटली की अंगभरची बोटं एकदम वर, आणि तासन् तास वरच. कोणाला थांबवायचं, कोणाला जाऊ द्यायचं, काही निवडच राहत नाही. कोणतं कडवं म्हणून झालं अन् कोणतं राहिलं, हे डोक्यात जिथं धरून ठेवतात, तिथंही तेच; ती नोंदच थांबते, मग हाताची बोटं उचलायचंही भान राहत नाही.

निजाम – म्हून सात वेळा.

समता – म्हणून सात वेळा. काही दुखण्यात डॉक्टर देतातही असं औषध, पण मोजून, तपासून. शेजाऱ्याच्या शीशीतून नाही, चाचा. चाचीच्या कमरेलाही आधी डॉक्टरला दाखवा.

निजाम – माही गलती. मी कान धरतो.

समता – पण मला एक गोष्ट जुळत नाही, बाबा. दोन थेंबांनी माणूस असा होत नाही. चाचीला तर काहीच झालं नाही.

शंकरराव – बायामाणसाचं अंग येगळं.

समता – चाचांनी शीशी कधी दिली होती?

निजाम – मेळाव्याच्या तीन दिवस आधी.

समता – तीन दिवस, दोन-दोन थेंब. सहा झाले, फार तर आठ. ती शीशी तुमी पुरावा म्हणून कपाटात कुलपात ठेवली आहे. आईनं काल मला दाखवली. अर्धी रिकामी आहे.

निजाम – अर्धी?

समता – बाबा?

शंकरराव – झाकण ढिलं असंन.

समता – कपाटात एक डाग नाही.

शंकरराव – गुडघा ठणकून राह्यला होता. तीन घंटे उभं राहाचं होतं स्टेजवर.

समता – मग?

शंकरराव – चमचाभर घेतलं.

निजाम – चमचा? चायचा चमचा?

शंकरराव – त्याले सांग, दोन थेंबात सहा फुटाच्या माणसाचं काय व्हते.

निजाम – या अल्ला. मी फकत दोन म्हटलं होतं. समता, दोन महिने माह्या गळ्याखाली घास उतरला नाही. मी हुस्नबानोले म्हणे, माह्या दोन थेंबानं माह्या दोस्ताचं नाव मातीत गेलं. अन् यानं चमचा घेतला. एक शब्द नाही सांगतला.

समता – बोला बाबा. आता माझ्याकडं पाहून नका बोलू.

शंकरराव – मी तुह्याकडंच पाहून बोलीन. त्याच्याकडं पाहाची मले शरम वाटते. समता, मी लोकाले काय सांगतो? थोडंसं म्हून सुरू होते अन् मंग माणूस आपल्या हातानं वाढवते. तीस वर्षं थेच सांगून राह्यलो, अन् थेच मी केलं. भांग हाये हे मले मालूम नव्हतं, खरं हाये. पण दोनाचा चमचा माह्याच हातानं केला. याच्यावर राग धरला तर माह्याकडं पाहाचं काम पडत नव्हतं. एवढंच हाये थे.

समता – चाचा, चहा घ्या. थंड होऊन राह्यला.

निजाम – राहू दे थंड. त्याले सांग बेटी, मले राग नाही आला. येवाले पाह्यजे होता, पण नाही आला. दोन महिन्यात पह्यल्यांदा छाती हलकी झाली.

समता – आता तुमीबी माझ्याच तोंडून बोलणार का?

निजाम – आज तू मधात हायेस तर चालू दे.

समता – बरं. बाबा, देवानंदकाकांनी नशा सोडल्यावर परत किती वेळा धरली?

शंकरराव – तीन वेळा.

समता – आणि तुमी शील किती वेळा दिलं?

शंकरराव – चार वेळा.

समता – चौथ्या वेळी काय सांगितलं त्यांना? मी तिथंच होती, दहावीत होती.

शंकरराव – काय सांगतलं असंन.

समता – तुमी सांगितलं, शील म्हणजे काचेचा गिलास नाही का एकदा पडला म्हणजे गेला. पुन्हा घे, आजपासून पुन्हा चाल. काका चौथ्या वेळी चालले, ते अठरा वर्षं चालूनच राह्यले. या दोन महिन्यांत ते दोनदा तुमच्या दारात आले अन् तुमी कडी नाही काढली.

शंकरराव – त्याच्यापुढं कोणत्या तोंडानं बसू?

समता – त्यांच्या बाजूला बसा. पुनवेला ते शील घेतीलच, तुमीही घ्या. त्यांना जे चालते ते तुमाले काऊन नाही चालत? स्वतःसाठी येगळा कायदा काढला का?

शंकरराव – मास्तरीण झाली खरी.

समता – आणि गुडघ्याचं सांगते. गुडघा नवा होणार नाही, खोटं नाही बोलणार. पण तुमी दोन महिने अंधाऱ्या खोलीत एकटे बसले. चालणं बंद, झोप मोडलेली, कोणाशी दोन शब्द नाहीत. अशा माणसाच्या आतली ती बोटं पण मंदावतात, असं दिसते. दुखणं बडवत राहते, त्याला हळू म्हणणारं कोणी नाही. म्हणून तेवढाच गुडघा दुप्पट दुखते.

शंकरराव – मंग त्याची गोळी हाये का काही?

समता – रोज सकाळी विहारापर्यंत चालत जाऊन या, हळूहळू, काठी घेऊन. वेळेवर झोपा. चार माणसांत बसा. चालण्यानं अंगातला तो आनंदवाला पदार्थ वाढतो, हे बऱ्याच जणांनी पाह्यलं. सोबत बसून गाणं म्हटल्यावर रक्तात वाढलेला दिसला, असाही एक अभ्यास आहे. लहान अभ्यास आहे, मी छातीठोक नाही सांगत.

निजाम – रक्त कायले तपासाचं? याची बायको सांगीन. गाऊन आला का चार भाकरी खाये.

शंकरराव – चार नाही. तीन.

निजाम – बेटी, यानं मले उत्तर देलं का तुले?

समता – मला नाही दिलं, चाचा. भाकरी मी मोजल्या नव्हत्या.

शंकरराव – मी असाच बोललो. कोणालेच नाही.

निजाम – बरं. साडेअकरा झाले. ढोलक दे बेटी, निघतो. जुबान देल हाये, निदान जाऊन सांगाले तर लागते… हे काय? पुडीचं कातडं पार लोंबलं हिचं. दोन महिने कोणी हात नाही लावला वाटते.

समता – बाबा कोणाला लावू देत नव्हते. आईनं फडकं मारायला उचलली तर खवळले.

निजाम – अशी नेली तर पिंपळगाववाले हासतीन. थांब, दोरी कसून पाहू दे. असं. अजून जरा. इकडची बाजू बोलते आता. इकडची ऐक… घुमते का?

समता – मला काय समजते? एखादं गाणं पाहिजे सोबत, मग समजंन.

निजाम – म्हण ना मंग.

समता – मले तर यांचंच नवं गाणं येते. मोबाइलवर इतक्यांदा पाह्यलं.

शंकरराव – समता, थे गाणं नोको.

समता – दुसरं नाही येत बाबा. धरा, चाचा.

उजेड आला दारी माये, उजेड आला दारी,
बाटली सोडून धनी आला, घेऊन आला ज्वारी.

(ढोलक वाजू लागते. ठेका पाहता पाहता चढतो.)

समता – चाचा, जरा सावकाश. माझा श्वास पुरत नाही.

निजाम – माह्या हातात नाही बेटी. तुले ठाऊक हाये.

समता – उजेड आला दारी माये, उजेड आला दारी…

निजाम – हे झालं दोनदा. म्होरचं कडवं घे.

समता – मले एवढंच येते. तिथं एवढंच तर म्हटलं होतं त्यांनी.

निजाम – मंग घे तिसऱ्यांदा. माहं काय, मी वाजवतो. एसटी गेली तर गेली.

समता – उजेड आला दारी माये…

निजाम – चौथ्यांदा.

समता – चाचा, खरंच हळू. बाबा, पाहा ना कसे पळून राह्यले.

निजाम – माह्याकडं नोको पाहू बेटी. त्याच्या हाताकडं पाह्य.

शंकरराव – हळू बे, निजाम. दुसरं कडवं येऊन राह्यलं.